सुलोचनाच्या फोनमधलं कार्यालय

एका सोमवारी कार्यालयात पत्र आलं. यापुढे सर्व पत्रव्यवहार ई-मेलने करावा, असं त्यात लिहिलं होतं. कार्यालयातला संगणक बंद होता. मी घरी गेलो आणि पत्नीच्या फोनमध्ये कार्यालयाचं खातं उघडलं.

उघडलं म्हणतो, पण खरं तर मी तिचा फोन हातात घेऊन बसलो होतो आणि तो माझ्याकडे पाहत होता. माझ्याजवळ बटणांचा फोन होता. बोलता येतं, ऐकता येतं, आणखी काय पाहिजे, असं माझं मत होतं. सुलोचना जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिला शाळेच्या कामासाठी मोठा फोन घ्यावा लागला होता.

"हे काय करून राहिले?" तिने विचारलं.

"शासनाचा आदेश आहे. कार्यालयाचं मेल आता फोनवर."

"म्हंजे तुमचं अख्खं हापिस माह्या पर्समंदी राहीन? मंग टिफिन कुठं ठेवू मी?"

मग तिने फोन माझ्या हातून घेतला आणि मेलच्या ॲपमध्ये स्वतःच्या खात्याशेजारी कार्यालयाचं खातं बसवून दिलं. वर कोपऱ्यात एक गोल होता. गोलात 'सु' असेल तर तिचं घर, 'शा' असेल तर शाखा कार्यालय. गोलावर बोट ठेवलं की एक दार लागायचं आणि दुसरं उघडायचं. पत्राखाली दरवेळी नाव लिहायची गरज नाही, ते आपोआप उमटतं, हेही तिनेच सांगितलं. माझ्यासाठी तिने 'कालवा निरीक्षक, शाखा कार्यालय' असं टाकलं. तिच्या पत्रांखाली आधीपासून 'सुलोचना रामटेके, सहायक शिक्षिका' असं येत होतं आणि त्याखाली आणखी एक ओळ, 'रोज दोन पानं वाचा.' ही ओळ मुख्याध्यापकांना जायची, केंद्रप्रमुखांना जायची, आणि सिलिंडर आलं नाही या तक्रारीखाली गॅसवाल्यालाही जायची. गॅसवाला वाचायला लागला की नाही ते माहीत नाही, पण सिलिंडर लवकर यायचं.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. मी कालवा निरीक्षक होतो. कालव्याला आमच्याकडे नहर म्हणतात, मीही तसंच म्हणेन. साकोली तालुक्यातला एक जुना तलाव आणि त्यातून निघणारा नहर, एवढ्यावर माझी बरीचशी नोकरी झाली. तलावाच्या मातीच्या बांधाला आम्ही पार म्हणतो. पारीत एक दरवाजा असतो, त्याला गेट. गेटवर लोखंडी चाक. चाक फिरवलं की गेट उचलतं आणि पाणी नहरात उतरतं. नहराच्या सुरुवातीच्या गावांना हेडवाले म्हणतात, शेवटच्यांना टेलवाले. हेडवाल्यांना पाणी न मागता मिळतं, टेलवाल्यांना मागूनही मिळेलच असं नाही. या दोन वाक्यांत माझी सगळी नोकरी आली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाणी सोडणं म्हणजे चाक फिरवणं. चाक फिरवायला ताकद लागते, ती गेटचा चौकीदार यादोराव याच्याकडे भरपूर होती. अडचण होती ती आदेशाची. शेतकऱ्यांनी मागणी करायची, मी तलावाची पातळी पाहून शिफारस लिहायची, उपविभागाच्या साहेबांनी मंजुरी द्यायची, मग चाक फिरणार. आणि आमच्या तलावावर याहून एक वेगळा रिवाज होता. आदेशात ज्याचं नाव असेल त्या माणसाने स्वतः गेटवर उभं राहायचं, त्याच्यासमोरच चाक फिरणार. फार पूर्वी कुणीतरी भलत्याच कागदावर गेट उघडून घेतलं होतं म्हणे. यादोरावचे वडीलही याच गेटवर चौकीदार होते. त्यांनी तेव्हा हा रिवाज पाडला आणि मुलाला चाकासोबत तोही दिला. नियमाच्या पुस्तकात तो कुठेच नव्हता. पण यादोराव नियमाचं पुस्तक वाचत नसे, त्यामुळे त्याला फरक पडत नव्हता.

मेलच्या आधी आमची शिफारस पाकिटात घालून एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचो. तो साकोलीला उतरवायचा. एकदा पाकीट सीटखाली सरकलं आणि आरामात भंडाऱ्याचा फेरफटका मारून परत आमच्याच थांब्यावर आलं. ड्रायव्हरने ते मला देत म्हटलं, "घ्या बाबू, उत्तर आलं." मी फोडलं तर माझंच अक्षर.

म्हणून त्या ॲपचे गुण मी आधी सांगतो. पत्र बसमध्ये हरवत नव्हतं. पारीवर उभं राहून पातळीच्या पट्टीचा फोटो काढायचा आणि शिफारशीला जोडायचा, की साहेबांना 'येऊन दाखवा' म्हणायची सोय राहत नसे. जुनं पत्र शोधायला कपाट उपसावं लागत नव्हतं. गावाचं नाव टाकलं की त्या गावाची सगळी भांडणं ओळीने समोर उभी. पारीवर नेटवर्क नसायचं. तरी लिहून पाठवून द्यायचं. पत्र ॲपमध्येच थांबून राहायचं आणि मोहाच्या झाडाखाली गेलं, की तिथे नेटवर्कची एक झुळूक यायची, तेवढ्यात निघून जायचं. यादोराव त्या झाडाला डाकघर म्हणायचा.

अवगुण लगेच दिसले नाहीत. पहिला अवगुण ॲपचा नव्हताच, आमच्या घराचा होता. फोन एकच, आणि तो दिवसभर शाळेत. म्हणजे शासनाचं पत्र आधी चौथीच्या वर्गात यायचं. मधल्या सुट्टीत सुलोचना माझ्या बटणांच्या फोनवर फोन करायची.

"आलं तुमचं पत्र."

"काय म्हणतात?"

"तात्काळ."

"काय तात्काळ?"

"ते नाई लिहिलं. नुसतं तात्काळ हाय. दोनदा."

तिच्या वर्गातल्या मुलांना तलावाची पातळी पाठ झाली होती. परिपाठाच्या वेळी मुख्याध्यापक सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारत, त्यात राजधान्यांबरोबर 'आज तलावात पाणी किती?' हाही प्रश्न असे. हेडच्या गावातले एक मोठे शेतकरी पुंडलिकराव, बोलण्यात मोकळे आणि पाण्याच्या बाबतीत त्याहून मोकळे, एकदा मला म्हणाले, "बाबू, तुमच्या हापिसात गेलो तं काई समजत नाई. माह्या नातीले विचारलं तं तिनं बरोबर सांगतलं." मी म्हटलं, "माहिती खुली असावी असं शासनाचंच धोरण आहे."

दुसरा अवगुण असा की, फोनवर माणूस थोडक्यात लिहितो. कागदावर साहेब अर्धं पान मंजुरी लिहीत. 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं सुरू झालं की निदान विषय कोणता ते कळायचं. फोनवर 'ओके' यायचं. आणि ॲप एका विषयाची सगळी पत्रं एकाखाली एक रचून ठेवतं, त्यामुळे ते 'ओके' कशाला आहे ते शोधायला लागायचं. एकदा मी एकाच पत्रात नहराची गवतकापणी, यादोरावची रजा आणि कार्यालयात साप निघाल्याची माहिती, तिन्ही कळवलं. उत्तर आलं, 'ओके. पुढे चालू ठेवा.' आम्ही गवत कापलं. यादोरावने रजा घेतली. साप आपल्या मनानेच चालू राहिला.

गिऱ्हाईकंही निराळी होती. एक निवृत्त गुरुजी सगळी तक्रार विषयाच्या जागेतच लिहीत आणि खालचा भाग कोरा ठेवत. मी विचारलं तर म्हणाले, "विषय तोच आहे, मग खाली वेगळं काय लिहू?" एकोडीकडचा एक शिकलेला तरुण इंग्रजीत लिहायचा. त्याने नहर फुटल्याचं कळवलं. ॲपला वाटलं आपण मदत करावी, म्हणून त्याने खाली तीन तयार उत्तरं मांडून ठेवली. माझा अंगठा त्यातल्या एकाला लागला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा मोटारसायकलवर आला आणि फोन माझ्यासमोर धरून म्हणाला, "काका, माझ्या बांधीत नहर शिरला आणि तुम्ही लिहिता, 'कळवल्याबद्दल आभार, फारच छान!'" मी त्याच्यासोबत त्याच्या बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, जाऊन नहराची फूट बुजवून घेतली. नंतर तो माझ्याशी मराठीतच बोलायचा.

एवढं सगळं मी ज्यासाठी सांगितलं, ती गोष्ट आता येते.

त्या वर्षी रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चांगला झाला. पाऊसही नेमाने आला, आणि भादव्यात थांबला. धानाच्या पिकाला पाणी कधी कमी पडलं तर चालतं, पण एका वेळी चालत नाही. लोंब्या बाहेर पडण्याआधी त्या ताटाच्या पोटात असतात. तेव्हा आम्ही म्हणतो, धान गर्भात आहे. त्या दिवसांत बांधीतलं पाणी आटलं तर लोंबी निघते पण आत दाणा भरत नाही. दुरून शेत पिकलेलं दिसतं, जवळ जाऊन हातात धरलं की नुसता कोंडा.

हेडच्या गावांची बारी, म्हणजे पाण्याची पाळी, झाली होती. तलावाची पातळी उतरली होती. अजून एक बारी सोडावी की पाणी राखून ठेवावं, हे साहेब ठरवणार होते. सोडली नाही तर टेलच्या गावाचं पीक जाणार, हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

टेलच्या गावातून पार्बताबाई रोज पारीवर यायची. तिची बांधी नहराच्या अगदी शेवटी होती, तिच्या पुढे नहरच नव्हता. नवरा नव्हता, मुलगी लग्न करून बपेऱ्याकडे दिली होती. शेत ती एकटी करायची. भांडायची नाही. यायची, पट्टीकडे बघायची, पदराने तोंड पुसायची आणि मला विचारायची.

"बाबू, काई आलं का जी वरून?"

"नाही आलं, बाई."

"धान गर्भात हाय जी. पोटुशी बाई पानी मांगते तं तिले कोनी कागद मांगते का?"

यादोराव चाकाला टेकून उभा असायचा. तो म्हणायचा, "मावशी, मी आत्ता फिरवतो. मंग बाबूची नोकरी, माही नोकरी, तू पोसजो दोघाईले."

"पोसीन नं. पन धान तं होऊ दे."

शनिवारी सकाळी साहेबांचा निरोप आला. दुपारपर्यंत पातळीचा फोटो आणि शिफारस पाठवा, दुपारी निर्णय होईल. त्यानंतर साहेब सुट्टीवर जाणार होते आणि पुढे कार्यालयालाही लागून सुट्ट्या होत्या. म्हणजे आज नाही तर नाही. मी शाळेत जाऊन सुलोचनाचा फोन मागून आणला. तिने पर्समधून काढून देताना म्हटलं, "हापिस घेऊन चालले, शाळा सुटायच्या आत परत आना. माही हजेरी त्यातच भरा लागते."

पारीवर पट्टीचा फोटो काढला. मग मोहाच्या झाडाखाली बसून शिफारस लिहिली. एका बोटाने लिहिली, त्यामुळे चांगली लिहिली गेली. माणूस सावकाश लिहितो तेव्हा कामाचं तेवढंच लिहितो. टेलच्या बांध्यांची स्थिती, पाण्याची पातळी, शेवटपर्यंत पाणी पोचवायला गेट किती उघडावं लागेल, आणि हेडवाल्यांकडे वळणारे फाटे बंद ठेवायची जबाबदारी माझी. खाली नाव लिहिलं नाही, कारण ते आपोआप उमटतं. पाठवलं. झाडाने घेतलं.

दुपारी उत्तर आलं. या वेळी 'ओके' नव्हतं. साहेब नवे होते, नुकतेच रुजू झाले होते, आमच्यापैकी कुणाला चेहऱ्याने ओळखत नव्हते. त्यांनी अगदी नीट लिहिलं होतं. मी गेटवर जाऊन यादोरावला मोठ्याने वाचून दाखवलं, पार्बताबाई शेजारीच होती.

"श्रीमती सुलोचना रामटेके, आपल्या शिफारशीस अनुसरून टेलच्या गावाकरिता पाणी सोडण्यास मंजुरी देण्यात येत आहे. आपण स्वतः उपस्थित राहून गेट आजच उघडून घ्यावे."

मी वाचायचा थांबलो. मग वर कोपऱ्यातला गोल पाहिला. गोलात 'सु' होतं.

सकाळी शाळेतून फोन घेतला तेव्हा तिचं दार उघडं होतं आणि मी त्याच दाराने सरकारी शिफारस बाहेर पाठवली होती. खाली सहायक शिक्षिका उमटलं होतं आणि रोज दोन पानं वाचा, हेही उमटलं होतं. साहेबांना ते दिसलं नसणार. ॲप नावाखालचा मजकूर तीन टिंबांत दडवून ठेवतं आणि टिंबांवर बोट ठेवायला कुणाला वेळ नसतो. त्यांना फक्त वरचं नाव दिसलं. त्यांना वाटलं, शाखेत कुणी रामटेके मॅडम असतील.

झाडाखाली परत जाऊन साहेबांना फोन लावला. लागला नाही. ते निघाले होते. उपविभागात लावला, तिथे घंटी वाजत राहिली.

"चल यादोराव, फिरव," मी गेटवर येऊन म्हटलं. "मंजुरी तर आहे."

यादोरावने चाकावरचा हात काढून घेतला.

"मंजुरी हाय जी. पन तुमाले नाई. वहिनीले हाय."

"अरे, चुकीने गेलं ते. शिफारस मीच लिहिली."

"मी कुठं नाई म्हनतो? पन नाव वहिनीचं हाय. वहिनी गेटवर नाईत. बापानं मले सांगतलं हाय, ज्याचं नाव त्याच्यासमोर चाक. तुमाले माहीत हाय बाबू, तुमीच तं दरसाल उभे राहता."

एवढ्यात पुंडलिकराव पारीवर आले. त्यांना बातमी कशी लागायची देव जाणे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना आनंद झाला.

"म्हंजे आता शाळेच्या मास्तरीनबाईच्या सांगन्यावर गेट उघडन का? मंग उद्या मीबी माह्या बायकोच्या नावानं लिहितो. थे तं दोन गेट उघडून घेईन. यादोराव, नको फिरवू गा. सुट्टी झाल्यावर बराबर कागद येऊ दे."

सुट्टी झाल्यावर म्हणजे धान गेल्यावर, हे त्यांनाही कळत होतं. पार्बताबाई यादोरावकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग फोनकडे. तिने फक्त एक विचारलं.

"वहिनी कुठं हायत जी?"

"शाळेत."

"मंग आना नं तिले. नाव तिचंच हाय तं."

इतका साधा उपाय मला सुचला नव्हता. मी चूक दुरुस्त कशी करायची याच विचारात होतो. पार्बताबाईला चुकीशी काही देणंघेणं नव्हतं, तिला पाणी पाहिजे होतं.

एकोडीकडचा तो इंग्रजीत लिहिणारा तरुण नहराच्या रस्त्याने जात होता. त्याला थांबवून शाळेत पाठवलं. शनिवारची शाळा सुटलेली, सुलोचना फोनची वाट बघत व्हरांड्यात उभी होती. ती त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून पारीवर आली. हातात छत्री, बोटांना खडू, चेहऱ्यावर मला चांगला ओळखीचा भाव.

"फोन मांगतला होता," ती मला म्हणाली, "मले नाई."

मी तिला आदेश वाचायला दिला. तिने तो पूर्ण वाचला. मग वरती गोल पाहिला आणि हसायला लागली. छत्री बाजूला ठेवून पारीवरच खाली बसली आणि हसत राहिली. यादोराव हसायला लागला. पार्बताबाईही, का ते न कळता, हसली.

पुंडलिकराव म्हणाले, "मॅडमबाई, तुमी कोनत्या कायद्यानं उघडता?"

सुलोचना उठली. खडूचे हात साडीला पुसले. "पुंडलिकभाऊ, तुमची नात माह्या वर्गात हाय. तिले मी परवा शिकवलं, धान गर्भात असते तवा त्याले पानी लागते. तिनं पाठ केलं. आता शाळेत तिनं विचारलं, माह्या आजोबानं पानी काहून अडवलं, तं मी काय सांगू?"

पुंडलिकराव तलावाकडे वळले. "नात लय बोलते," ते म्हणाले. "घरी मले जेवू देनार नाई थे."

यादोरावने तिला चाकापाशी नेऊन बरोबर त्या जागी उभं केलं जिथे मी दरसाल उभा राहायचो. टोपी नीट केली आणि विचारलं, "वहिनी, आदेश?"

"उघडा."

"किती उघडू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी बोटांनी खूण करणार होतो, पण तिने आधीच पार्बताबाईकडे तोंड फिरवलं होतं. "तुमच्या बांधीपर्यंत पोचलं पाहिजे. यादोराव, तेवढं उघडा, कमी नाई अन् जास्त नाई."

मी शिफारशीत एका बोटाने जे लांबलचक लिहिलं होतं ते हेच होतं.

चाक फिरलं. गेटखालून पाण्याचा आवाज आला. तो आवाज मी पूर्ण नोकरीभर ऐकला आहे, पण त्या दिवशी मी गेटवर नव्हतो, पारीच्या कडेला बघ्यांमध्ये उभा होतो. एकदा तरी तिथे उभं राहून तो ऐकायला पाहिजे.

मग मी आणि यादोराव नहराने खाली निघालो. हेडवाल्यांचा एकेक फाटा बंद करत, जिथे कुणी गवताचे भारे घालून पाणी वळवलं होतं तिथले भारे काढत. पुंडलिकरावांच्या फाट्यावर ते स्वतःच फळी धरून उभे होते. "बंद हाय, बंद हाय," ते म्हणाले. "जा पुढं. नातीले सांगजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी टेलला पोचलं. आधी नहराच्या तळातली माती काळी झाली, मग पाण्याची एक पातळ जीभ वाळलेली पानं पुढे ढकलत आली. पार्बताबाईने बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरची माती फावड्याने बाजूला केली आणि पाणी बांधीत उतरलं. ती अनवाणीच आत गेली आणि उभी राहिली. शेजारच्या बांधीतल्या बाईला ओरडून म्हणाली, "आलं वं! मॅडमचं पानी आलं!"

तेव्हापासून त्या गावात शेवटच्या बारीला तेच नाव पडलं. पुढच्या वर्षांत आदेश माझ्या नावाने यायचे, गेटवर मी उभा राहायचो, आणि टेलवाले विचारायचे, "मॅडमचं पानी कवा सोडून राहिले?"

साहेब सुट्टीवरून आले तेव्हा मी सगळं सविस्तर कळवलं. शिफारस कुणाची, खातं कुणाचं, आदेश कुणाला, गेटवर कोण. योग्य ती कार्यवाही व्हावी म्हणून लिहिलं. गोल दोनदा पाहून पाठवलं. मधल्या सुट्टीत सुलोचनाचा फोन आला.

"आलं उत्तर."

"काय लिहिलंय?"

"ओके."

"आणखी?"

"आनखी काई नाई. पन खाली एक ओळ हाय. 'मॅडमना सांगा, दोन पानं वाचली.'"

म्हणजे साहेबांनी टिंबांवर बोट ठेवलं होतं.

त्या हंगामात टेलच्या गावात धान भरलं. निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाचं खातं फोनमधून काढून दिलं. जागा रिकामी वाटते म्हणून सुलोचनाने माझं स्वतःचं खातं उघडून तिथे बसवलं. मला कुणाचं मेल येत नसे, तर ती शेजारच्या खोलीतून पाठवायची आणि मग फोन माझ्या हाती आणून द्यायची. 'चहा झाला. तात्काळ.' 'विहारातल्या वाचनालयाचं पुस्तक परत करा. तात्काळ, तात्काळ.' ते वाचनालय ती चालवायची, आणि तिथेच तरुणपणी एका पुस्तकाच्या रांगेत आमची ओळख झाली होती.

मागच्या हिवाळ्यात सुलोचना गेली. आजार थोडक्यात आटोपला, ती सगळंच तसं आटोपायची. त्याबद्दल इथे लिहीत नाही, हा लेख कामाबद्दल आहे. फक्त एवढं सांगतो की जलदान विधीच्या दिवशी पार्बताबाई आली होती. फडक्यात नवे तांदूळ बांधून आणले होते. म्हणाली, "बाबू, हे त्या सालचे नाईत जी. पन बांधी तेच हाय."

ॲपबद्दल माझं अंतिम मत विचाराल तर ते चांगलं आहे. पत्र पोचवतं, फोटो पोचवतं, झाडाखाली थांबतं. दोन माणसं एका फोनमध्ये ठेवली तर त्याला त्यांच्यातला फरक कळत नाही, हा त्याचा दोष. तिच्या खात्यावर अजून मेल येतात. 'सुलोचना, आपले प्रशिक्षण अपूर्ण आहे,' असं एक नेमाने येतं. असलं काही तिने अपूर्ण ठेवलं असेल यावर माझा विश्वास नाही, पण मी वाद घालत नाही. आमची मुलगी नागपूरहून आली तेव्हा म्हणाली, "बाबा, आईचं खातं काढून देऊ का? उगाच जागा खाते." मी म्हटलं, राहू दे, तिनेही माझ्या कार्यालयाला जागा दिली होती.

हा लेख मी याच फोनवर एका बोटाने लिहिला. पाठवण्याआधी वरचा गोल पाहिला. त्यात 'सु' आहे. मी तो बदलला नाही. संपादकांनी उत्तर श्रीमतींच्या नावाने दिलं तरी ते पोचेल.

तलावाचं पाणी टेलच्या गावात अजूनही शेवटी पोचतं. गेटवर आता यादोरावचा पुतण्या आहे. फोन माझ्याकडे असतो. त्यात दोन खाती आहेत, आणि मी रोज दोन पानं वाचतो.